साहेबांचं बोटीवर जाणं

आमच्या साहेबांनी रिटायर झाल्यावर बोटीवर राहायला जायचं ठरवलं, तेव्हा त्याचा पहिला त्रास मला झाला. समुद्राची पाळी नंतर आली. माणूस रिटायर झाला की काय करतो? मारुतीच्या पारावर बसतो, रक्तदाब मोजून घेतो, पेपरातल्या चुका शेजाऱ्याला वाचून दाखवतो. फारच हौशी असला तर चारधाम करून येतो आणि वर्षभर त्याचे फोटो दाखवत हिंडतो. आमच्या साहेबांनी कोकणातल्या एका खाडीतली जुनी लाँच विकत घेतली. अकोल्याच्या जठारपेठेत राहणाऱ्या, अजिबात पोहता न येणाऱ्या आणि जन्मभर ओलाव्याशी वैर धरलेल्या माणसानं लाँच घेतली, आणि सामान बांधायला मला बोलावलं.

वैर हा शब्द मी विचार करून लिहिलाय. साहेब कापसाचे ग्रेडर होते. खरेदी केंद्रावर गाड्या लागायच्या, साहेब गाडीत कोपरापर्यंत हात घालायचे, तळातला मूठभर कापूस काढायचे, चिमटीत धरून धागा ओढायचे आणि ग्रेड सांगायचे. त्या ग्रेडवर भाव ठरायचा. मी त्यांच्या हाताखाली काट्यावर, म्हणजे वजनाला होतो. वजन वाढावं म्हणून काही जण गाडीवर पाणी शिंपडून आणत, आणि साहेबांना तेच खपत नसे. ओल मोजायचं यंत्र केंद्रावर होतं, पण साहेबांचा भरवसा स्वतःच्या गालावर. ते वाकून कापसात गाल टेकवायचे, डोळे मिटायचे, आणि सगळी रांग श्वास रोखून उभी राहायची. मग डोळे उघडून म्हणायचे, "ओल हाय. खालची ग्रेड." संपलं. त्यावर अपील नाही.

ते दिवस वऱ्हाडात वाईट होते. पाऊस धड नाही, भाव धड नाही, बियाण्याचं खरं नाही, आणि सकाळचा पेपर उघडवत नव्हता. अशा दिवसांत ज्याच्या तोंडून ग्रेड निघते त्याच्याकडे लोक कोणत्या नजरेनं बघत असतील, याचा विचार करा. साहेबांनी मात्र कोणाच्या चहाच्या घोटाचा मिंधेपणा घेतला नाही. चहा घरून थर्मासमधून आणायचे आणि एकटेच प्यायचे. मलाही द्यायचे नाहीत, हे इथं नोंदवून ठेवतो.

त्यांची एक खोड सगळ्यांत वाईट. साहेब कधी कोणाला काही विचारत नसत. "कसा आहेस?" नाही, "जेवलास का?" नाही. सकाळी मी केंद्रावर पोचलो की माझ्या तोंडाकडे बघून म्हणायचे, "झोप झाली नाई तुही." एकदा मी चिडून म्हटलं, साहेब, विचारून तरी बघत जा, माणूस सांगेल. तर म्हणाले, "ग्रेडरनं विचारायचं नसते, सांगायचं असते. विचारलं का समोरचा आपल्याले फिरवते." ऑफिसात हे ठीक होतं. पण साहेब घरीही ग्रेडरच असायचे. भाजी तोंडात घालायच्या आधी ग्रेड ठरलेली. माझ्या लग्नात पंगतीत बसून माझ्या सासऱ्यांसमोर म्हणाले, "भात एक नंबर. वरन फरदड." फरदड म्हणजे हंगाम उलटल्यावर झाडाला राहिलेला शेवटचा हलका कापूस. वऱ्हाडात हे लहान पोरालाही कळतं, सासऱ्यांना तर चांगलंच कळलं. माझ्या बायकोनं साहेबांचं नाव घरात काढायचं नाही असा नियम केला तो त्या दिवसापासून.

साहेबांना मूलबाळ नव्हतं. घरात दोघंच, ते आणि काकू. काकू तिवशाच्या. लहानपणी विहिरीत धबाधब उड्या मारून पोहायला शिकलेल्या, मोठ्यानं हसणाऱ्या. साहेबांबरोबर बदलीच्या गावोगावी भाड्याच्या खोल्या लावत फिरल्या, आणि शेवटी जठारपेठेत स्वतःचं घर झालं तेव्हा अंगणात जाईचा वेल चढवून म्हणाल्या, "आता हा वेल काढाले लावू नका बावा." काकूंना एकच भाऊ. तिवशालाच शेती करायचा. मी त्याला मामा म्हणायचो.

या मामाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. साहेब अमरावती जिल्ह्यातल्या एका केंद्रावर असताना मामा आपली गाडी घेऊन तिथं आला. मेहुणा ग्रेडर, मग काय, गडी ऐटीत होता. रांगेतल्या चार जणांना सांगून झालं होतं की हे आमचे जावई. साहेबांनी गाडीत गाल टेकवला. मी काट्याजवळ उभा होतो आणि मनातल्या मनात देवाचा धावा करत होतो. साहेबांनी डोळे उघडले आणि सगळ्या रांगेसमोर म्हणाले, "ओल हाय. खालची ग्रेड." मामानं पाणी मारलं नव्हतं. आदल्या रात्री दव पडलं होतं आणि ताडपत्री फाटकी होती, एवढंच. साहेबांनी एका शब्दानं विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. दव असलं तरी ओल ती ओलच आणि ग्रेड बदलली नसती हे मलाही मान्य आहे, पण माणूस चोर ठरला नसता. मामानं गाडी वळवली आणि त्या वर्षापासून काकूंकडे भाऊबीजेला येणं बंद केलं. काकू दरवर्षी ताट तयार करायच्या, संध्याकाळपर्यंत ठेवायच्या आणि उचलायच्या. साहेब त्यावर काही बोलायचे नाहीत. मला त्यांचा सगळ्यात जास्त राग यायचा तो यासाठी.

तर ही लाँच. एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला साहेब कोकणात गेले होते. तिथं खाडीवर पूल झाला होता आणि इकडची माणसं तिकडे नेणारी लाँच काठाला बांधून रिकामी पडली होती. साहेबांनी ती पाहिली, लाकडाला अंगठा लावून पाहिला आणि तिथल्या तिथं सौदा ठोकून आले. चालवायची नव्हती, नुसती राहायची. परत आल्यावर मला बोलावून सांगितलं, "लाँच घेतली. दिवाळी झाली का आमी तथी राहाले जाऊन राहिलो."

"साहेब, पण कशाला?"

"तथी कापूस पिकत नाई."

एवढंच कारण. मी हसलो नाही, कारण मला ते कळलं. रिटायर होऊनही लोक त्यांना सोडत नव्हते. भाजीबाजारात, न्हाव्याकडे, लग्नाच्या मांडवात, कोणीतरी रुमालात बांधलेला मूठभर कापूस काढून पुढे धरायचा. "साहेब, पाहा ना बरं, काय ग्रेड लागन?" साहेबांनी खरं सांगितलं की त्याचा चेहरा पडायचा, आणि खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. एकदा न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेली असताना त्यांनी असा एक चेहरा पाडला आणि उरलेली दाढी न करताच घरी आले. त्या दिवशी मला त्यांची खरोखर दया आली होती.

पण दया वेगळी आणि डोक्याला ताप वेगळा. मी विचारलं, "काकू काय म्हणाल्या?"

"कायचं?"

"लाँचवर यायचं म्हणताय, त्यांना विचारलं असेल ना?"

"सांगतलं तिले. विचारायचं काय त्याच्यात?"

त्यांनी सांगितलं कसं, तेही मला नंतर काकूंकडून कळलं. चहा पिताना म्हणाले, दिवाळी झाली का आपण लाँचवर. काकूंनी कप उचलला, विसळला आणि पालथा घातला. होय नाही की नाही नाही. साहेबांच्या हिशेबी ग्रेड लागली, विषय संपला. दुसऱ्या दिवशी त्यांनी फाटकावर 'घर भाड्याने देणे आहे' अशी पाटी लावली. सकाळी ते फिरायला गेले की काकू पाटी काढून न्हाणीघरात ठेवायच्या. फिरून आले की साहेब ती परत लावायचे. दोघं एकमेकांशी त्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हती. अख्खी जठारपेठ येता-जाता पाटी आहे की नाही ते पाहून अंदाज बांधायची. मला मात्र रोज दोघांच्या मधून सामान न्यावं लागायचं, आणि काकू माझ्याकडे अशा बघायच्या की लाँच मीच घेतली.

मग सुरू झाल्या गाद्या. आता तुम्ही म्हणाल, बोटीवर जाणारा माणूस आधी काय बघेल? बोट गळते का, पिण्याचं पाणी कुठून, वादळ आलं तर काय. साहेबांनी आधी गाद्या भरायला घेतल्या. वऱ्हाडातला माणूस घर मांडतो ते नव्या कापसाच्या गादीपासून. तेव्हा लाँचवरही तसंच. यासीनभाई पिंजारी, साहेबांचा जुना दोस्त, पिंजायचं यंत्र घेऊन अंगणात येऊन बसला. साहेबांनी स्वतः निवडलेला कापूस, तोही त्यांच्या लेखी एक नंबर, पोत्यांनी येऊन पडला होता. यंत्र घरघरायचं आणि जठारपेठेच्या त्या टोकापर्यंत लोकांच्या दारात कापसाचे पुंजके उडायचे. जाईच्या वेलावर कापूस, काकूंच्या केसांत कापूस, माझ्या नाकात कापूस. मला शिंका थांबेनात.

"यासीनभाई, खाडीत ही गादी टिकेल का हो?" मी शिंकत विचारलं.

"कावून नाई टिकनार? ऐसी गादी बना के दूँगा साब, दर्या भी उठ के पूछेगा के किसने बनायी." यासीनभाईनं बापजन्मी दर्या पाहिला नव्हता. "और डर लगता है तो नीचे से प्लास्टिक चढवतो ना मी."

साहेबांनी मान हलवली. प्लास्टिक मंजूर.

मी गुपचूप लाँच विकणाऱ्याला फोन लावला. तो बिचारा भला माणूस. म्हणाला, "अहो, साहेबांना सांगा, कापूस नको. इथं पावसात चादर घातली वाळत तर गणपती येतात तरी वाळत नाही. सतरंजी आणा, फार तर चटई." मी हे साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "त्याले कापूस काय समजते. त्यानं जल्मात माशाशिवाय काई पाह्यलं नाई." आणि आणखी एक गादी वाढवली, पाहुण्यांसाठी. बोटीवर कोण पाहुणा येणार होता ते देवाला माहीत.

त्यानंतर कूलर. हो, आपला पत्र्याचा, खिडकीत बसवायचा, वाळ्याच्या ताट्यांचा कूलर. मी हात जोडले. म्हटलं, साहेब, चारी बाजूंनी पाणी आहे, हवाच दमट आहे, तिथं कूलर लावला तर नुसती चिकचिक होईल. आणि वीज?

"मे महिन्यात काय करशीन?"

"तिथे मे महिना आपल्यासारखा नसतो साहेब."

"मे महिना मे महिना असते."

कूलर पॅक झाला. त्यामागून वर्षाची तूरडाळ आली, एरंडीचं तेल लावून. ज्वारी आली. वर्षाच्या मिरच्या आल्या. मग लाँचवाल्याचाच फोन आला, की साहेबांना म्हणावं लाँचला तळ असतो, त्यावर किती ठेवायचं याला मर्यादा आहे. मी तो निरोप सांगितलाच नाही. माझ्यात तेवढी ताकद उरली नव्हती. दिवाळीची सुट्टी माझी, फराळ माझ्या घरी, आणि मी साहेबांच्या अंगणात डाळीची पोती शिवत होतो. बायको म्हणाली, "तुमीच जा ना बोटीवर. घरी तरी कुठं असता?"

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी साहेबांना एकदम आठवलं की आपल्याला पोहता येत नाही. माझ्या मनात आलं, देव पावला, आता बेत फिरेल. बेत फिरला नाही. साहेब म्हणाले, ट्यूब पाहिजे. ट्रकच्या चाकाची. विहिरीत पोरं शिकतात ती. अकोल्यात ट्रकच्या ट्यूबा मिळत नाहीत असं नाही, पण अमरावतीला त्यांच्या ओळखीचा टायरवाला होता आणि ट्यूब त्याच्याकडचीच खात्रीची. एसटीनं अमरावतीला गेलो. टायरवाल्यानं ट्यूब घडी करून दिली. साहेब म्हणाले, "हवा भर. भरून पाह्यल्याशिवाय कोन घेते?" हवा भरली. साहेबांनी ट्यूब दाबली, ओढली, कानाला लावून ऐकली आणि 'चांगली हाय' अशी ग्रेड दिली. मग हवा सोडू देईनात. प्रवासात कळेल म्हणे, हळू हळू गळते का. ती फुगलेली काळी ट्यूब घेऊन आम्ही एसटीत चढलो. कंडक्टर म्हणाला, हिचं वेगळं तिकीट लागेल. साहेबांनी वाद घातला. बडनेऱ्यापर्यंत वाद चालला, तोवर ट्यूब माझ्या मांडीवर आणि एका म्हाताऱ्याच्या पागोट्यावर अशी टेकलेली. म्हातारा दर धक्क्याला पागोटं सावरत होता. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो आणि या सगळ्यात काकूंना पोहता येतं, हे मला एकदम आठवलं. घरात पोहता येणारं माणूस आहे, आणि त्यालाच या माणसानं विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. साहेब आणि यासीनभाई अंगणात शेवटच्या गादीला टाके घालत होते, मी दोरी कापत होतो. फाटक वाजलं आणि मामा आत आला. इतक्या वर्षांनी. केस पांढरे झालेले, हातात पिशवी. साहेब सर्व्हिसमधून सुटले म्हणून आला, असं नंतर म्हणाला. ग्रेडरच्या घरी यायचं नव्हतं, बहिणीच्या घरी यायला हरकत नाही. काकू दारात आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. मग पदर तोंडाला लावून आत पळाल्या, ताट करायला.

साहेब उठले.  साहेब म्हणाले, "बस."

मामा बसला. गादीकडे पाहिलं. उसवलेल्या कडेतून कापूस काढला, चिमटीत धरून ओढला आणि शांतपणे म्हणाला, "ओल तं नाई ना जावईबाप्पू?"

यासीनभाईची सुई थांबली. मी दोरीकडे बघत बसलो. आणि साहेब हसले. त्यांना हसताना मी केंद्रावर कधी पाहिलं नव्हतं. मामाही हसला. म्हणाला, "कापूस सोडला म्या. आता सोयाबीन लावून राहिलो. त्याले गाल लावाचं काम नाई." मग काकूंनी त्याला ओवाळलं. संध्याकाळी मामा निघाला तेव्हा काकू म्हणाल्या, "आता दर वर्साले येजो." मामा म्हणाला, "दर महिन्याले येतो, तू फक्त घरी रायजो." साहेबांनी हे ऐकलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. ते गादीची दोरी आवळत बसले.

दोन दिवसांनी टेम्पो आला. गाद्या, कूलर, डाळ, मिरच्या, ट्यूब, सगळं चढलं. ड्रायव्हर घाई करत होता. काकू स्वयंपाकघरात होत्या, नेहमीच्या पातळात, पोळ्या लाटत. त्यांची पेटी कुठंच दिसत नव्हती. साहेब अंगणात कोट घालून उभे. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "तिले म्हन, निघाचं हाय."

मी आत गेलो. "काकू, साहेब म्हणताहेत निघायचंय."

"त्यायले म्हन, जा."

मी बाहेर आलो. सांगितलं. साहेबांनी कोटाचं बटण लावलं, काढलं. "तिले विचार, येते का."

तुम्हाला सांगतो, तोपर्यंत मी पुष्कळ सोसलं होतं. कापूस सोसला, कूलर सोसला, मांडीवर ट्यूब घेऊन एसटीत बसलो. पण या वाक्यावर माझा तोल सुटला. मी टेम्पोवाल्यासमोर ओरडलो, "साहेब, बायको तुमची आहे! मी विचारणार नाही. तुम्ही आत जा आणि स्वतः विचारा!" हाताखालच्या माणसानं असं बोलावं, असं आधी कधी झालं नव्हतं.  साहेबांनी बूट काढले आणि ते आत गेले. मीही दारापर्यंत गेलो, हे खोटं कशाला सांगू.

साहेब स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभे राहिले. काकू लाटतच होत्या. साहेब म्हणाले, "तुले यायचं हाय का?"

काकूंचं लाटणं थांबलं. "नाई," त्या म्हणाल्या.

"बरं."

"आता कोठी माहा भाऊ याले लागला. मी नाई येत."

"बरं," साहेब परत म्हणाले.  मला वाटलं, आता ते सामान उतरवायला सांगतील. त्यांनी सांगितलं नाही. काकूंनी गरम पोळ्या फडक्यात बांधून दिल्या, त्यांनी त्या हातात घेतल्या, आणि टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले. फाटकावरची पाटी त्यांनी जाताना स्वतःच काढून माझ्याकडे दिली. टेम्पो वळला. काकू बाहेर आल्याच नाहीत. मी घरी जाऊन दार लावून झोपलो आणि बायकोला सांगितलं, कोणी आलं तर मी मेलो म्हणून सांग.

पण माझी सुटका कसली. आठवड्यात साहेबांचा फोन. गादी ओल धरून राहिली. मी म्हटलं, गाल लावून पाहिलात का? तर म्हणाले, "पाह्यला. खालची ग्रेड." प्लास्टिकनं तर उलट आतली ओल आत कोंडून ठेवली होती. कूलर लाँचवाल्यानं कोंबड्यांच्या खुराड्याला नेला. डाळ, ज्वारी त्यानंच गावात वाटून टाकली, लाँच एका बाजूला कलायला लागली म्हणून. साहेब म्हणाले, आपण मात्र बरे आहोत. इथं कोणी रुमालाची गाठ सोडून कापूस दाखवत नाही. फोन ठेवताना थोडे घुटमळले.

मग फोन काकूंना यायला लागले. रोज संध्याकाळी. मी गेलो की काकू मला सांगायच्या, कधी हिंगाची डबी कुठं बांधली म्हणून विचारलं, कधी भात किती पाण्यात शिजतो म्हणून विचारलं. चिडून सांगायच्या. पण सांगायच्या. एकदा मी गेलो तर जाईची फुलं मांडीवर घेऊन नुसत्या बसल्या होत्या. मी विचारलं, काय झालं? म्हणाल्या, "काल त्यायनं विचारलं, जेवली का म्हनून." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला साहेबांचा एवढा राग आला की बोलायची सोय नाही. हे एवढंसं विचारायला या माणसाला अरबी समुद्रापर्यंत जावं लागलं. फुकटच गाद्या भरल्या.

थंडी सरत आली तेव्हा काकूंनी मला बोलावणं धाडलं. पेटी काढून पुसून ठेवली होती. म्हणाल्या, "मले कोकनाचं तिकीट काढून दे. भाऊ म्हनते, घर मी पाहातो."

"राहायला चाललात, काकू?"

"पाहाले. राहाले कोनी बलावलं मले?"

"मग जायचं आणि यायचं, दोन्ही काढतो."

काकूंनी थोडा विचार केला. पेटीचं झाकण लावलं.

"यायचं नको काढू," त्या म्हणाल्या. "थांबतं का म्हनून विचारतात का नाई, ते पाह्यचं हाय मले. नाई विचारलं तं उभ्यानंच वापस येईन."